पणजोबांचा राजीनामा आणि साताऱ्याचे मोडीवाले काका

आधी हिशेब सांगते. बँकेत एकतीस वर्षं काढल्यावर दुसरं काही आधी सुचत नाही. माहेरचे जुने कागद अकरा, त्यांची मिळून तेवीस पानं. मोडीतून, म्हणजे कागदांवरच्या जुन्या लिपीतून, बाळबोधीत, म्हणजे आपल्या देवनागरीत, उतरवायचे पानाला साडेतीनशे, आणि अर्थाच्या टिपणाचे कागदामागे दोनशे. एकूण १०,२५० रुपये. पावती हाताने लिहिलेली, पण पावती. वेळ सांगितला चार आठवडे, लागले साडेसात.

नाव-पत्ता देत नाही, कारण काकांनीच हात जोडून सांगितलं की कुठे छापू नका. वय ७६, जमिनीच्या रेकॉर्डच्या खात्यातून निवृत्त, हातात आधीच पाच महिन्यांचं काम. साताऱ्यात राजवाड्याच्या आसपास एखाद्या जुन्या वकिलाला किंवा दस्त लिहिणाऱ्याला ‘मोडीवाले काका’ एवढं विचारलं तरी पुरतं. मीही तशीच पोचले.

जायची वेळ का आली, ते सांगते. माझं माहेर कोयनाकाठचं. धाकट्या भावाचा फोन आला, ‘ताई, जमिनीचं हक्कसोडपत्र करून टाकू. तू फक्त सहीला ये.’ ‘फक्त सही’ हे दोन शब्द मी कर्ज विभागात बसून इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलेत आणि त्यातल्या इतक्यांना नंतर माझ्या टेबलासमोर रडताना पाहिलंय, की आपोआप तोंडून गेलं, ‘सोडायचं काय ते आधी बघू तर दे.’ भाऊ जरा दुखावला, पण पुढच्या आठवड्यात एसटीतून पत्र्याची ट्रंक घेऊन कऱ्हाडला आला. ‘हे घे. वाच काय वाचायचं ते. आम्हाला कुणाला येत नाही.’

मलाही येत नव्हतं. म्हणून पहिली चूक केली, ती ऑनलाइन. एका सेवेकडे सगळ्या पानांचे फोटो पाठवले. पानाला दीडशे रुपये आणि चार दिवसांत सुबक पीडीएफ. त्यांचं नाव घेत नाही, कारण अक्षरं त्यांनी बरीचशी बरोबर ओळखली होती, फसवणूक काही नव्हती. घोळ निराळाच होता. सगळ्यात जुन्या कागदाच्या सुरुवातीला त्यांनी उतरवलं होतं: ‘सलासस बैन मया वअलफ’. खाली टीप: ‘बैन मया – बहुधा स्त्रीचे नाव’. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस या मयाआत्याची चौकशी चालली होती. पुण्याच्या पुतणीने वंशावळीत तिच्यासाठी एक चौकोनही काढला.

काकांनी तो प्रिंट पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ‘ही बाई नाही हो, हे वर्ष आहे.’

सलास म्हणजे तीन, सबैन म्हणजे सत्तर, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. अरबी आकडे, एकक आधी आणि हजार शेवटी. बेरीज ११७३. हा सुहूर सन, जुन्या कागदांतली वर्षं मोजायची पद्धत. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो, म्हणजे १७७२-७३. हे वर्ष जूनच्या सुरुवातीला, मृगाबरोबर बदलायचं, म्हणून दोन इसवी सनांत पाय. शेतसाऱ्याचं गणित पेरणीपासून मांडायचं तर वर्षही पेरणीपासूनच हवं, हे मला फार आवडलं. बँकेचं एप्रिल ते मार्च मला कधीच पटलं नव्हतं.

मोडी वाचणं आणि मोडी कागद वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या मयाबाईने शिकवलं. मोडीत लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ मारतो आणि तिला अक्षरं टांगत जातो. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा हिशेब नाही. त्यामुळे शब्द कुठे तुटतो हे डोळ्यांना दिसत नाही, ते डोक्यात असावं लागतं. काका म्हणतात, ‘अक्षरं सहा महिन्यांत येतात, पुण्यात वर्ग चालतात, कुणीही शिकावं. पण जो शब्द तुम्ही कधी ऐकलाच नाही तो तुम्हाला कागदावर दिसणार कसा?’

त्यांची पद्धत अशी. लांब वहीच्या पानावर तीन रकाने. पहिल्यात ओळीला ओळ बाळबोध, शुद्धलेखन मूळ कागदाचंच. दुसऱ्यात आजच्या मराठीत अर्थ. तिसरा रकाना लाल पेन्सिलीचा, म्हणजे शंका. ‘येथे अंदाजे चार अक्षरे वाळवीने खाल्ली’, ‘नाव गोंदजी किंवा गोदजी’, ‘हा शब्द मला लागला नाही’. अकरा कागदांत ‘लागला नाही’ तीनदा आलं. पैसे घेऊन ‘मला लागलं नाही’ असं लिहून देणारा माणूस मी बऱ्याच वर्षांनी पाहिला. गोंदजी की गोदजी याचा निकालही त्यांनी दहा दिवसांनी स्वतः फोन करून दिला, दुसऱ्या कागदात तेच नाव स्वच्छ सापडलं म्हणून. त्या फोनचे पैसे नाहीत.

आता राजीनाम्याकडे येते, कारण या सगळ्या खर्चाचा मोबदला मला तिथे मिळाला. माझे नानाकाका मात्र तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतात.

आमच्या माहेरच्या ओटीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत एक कागद काचेत लावलेला आहे. वरचा मथळा तेवढा बाळबोधीत, ‘राजीनामा’. खाली सगळी मोडी आणि तारीख मार्च १८९८. घरातली कथा अशी, की पणजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते, आणि टिळकांना शिक्षा झाली म्हणून त्यांनी सरकारी नोकरीवर लाथ मारली. तारीखही जुळते बघा. टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली ती सप्टेंबर १८९७ मध्ये. नानाकाका, वय ८४, दर गणपतीत आरतीनंतर ही कथा सांगतात. मीही शाळेत निबंधात लिहिली होती आणि बक्षीस म्हणून कंपासपेटी मिळवली होती.

तसबीर भावाने सुतळीने बांधून पाठवली होती. काकांनी काच न काढता वरून नजर फिरवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘नोकरीचा राजीनामा असता तर तो कचेरीत राहिला असता. तुमच्या घरी कसा?’

सव्वाशे वर्षांत हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही पडला नव्हता. मला तरी पडायला हवा होता, माझा स्वतःचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी बँकेतच देऊन आलेय.

राजी म्हणजे संमत असलेला, नामा म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे मुळात नुसतं संमतिपत्र. कशाला संमती, ते काळाप्रमाणे बदलत गेलं. पेशवाईत वादी आणि प्रतिवादी पंचांपुढे जाताना लिहून देत की तुम्ही जो निवाडा कराल तो आम्हाला मान्य, तोही राजीनामा. इंग्रजी कोर्टात दोन्ही पक्षांनी तडजोड लिहून दिली, तोही राजीनामा. आणि मुंबई इलाख्यातल्या रयतवारीत, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून घ्यायच्या पद्धतीत, शेतकऱ्याने सरकारला लिहून दिलं की या नंबराची जमीन मी सोडतो, तर त्याचंही नाव राजीनामाच. जमीन दुसऱ्याच्या नावे करायची असेल तर जुन्याचा राजीनामा आणि नव्याची कबुलायत, अशी जोडी कचेरीत जायची. कबुलायत म्हणजे इथून पुढे सारा मी भरीन असं कबूल करणं. आपण आज ज्याला राजीनामा म्हणतो, तो या सगळ्या भावंडांतला फक्त शेवटचा, आणि बाकीचे वारल्यामुळे तोच एकटा वारस उरलेला.

पणजोबांनी लिहून दिलं होतं ते असं: अमुक सर्व्हे नंबर, क्षेत्र तीन एकर चौदा गुंठे, यावरचा माझा हक्क सोडून राजीनामा देतो, सदरहू नंबर शेजारच्या गावच्या अमुक सावकाराचे नावे दाखल करावा, त्यांची कबुलायत सोबत आहे. कारण म्हणून एक ओळ, गुदस्त सालचा दुष्काळ व देणे. गुदस्त म्हणजे गेल्या वर्षीचं. पीडीएफवाल्यांनी त्याच्यापुढे ‘अर्थ नाही’ असं लिहिलं होतं. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ प्लेग, हे मी इतिहासात पाठ केलेलं. ते आमच्या ओटीवर काचेत टांगलेलं आहे, हे माहीत नव्हतं.

शेवटची ओळ तर कळस. ‘अस्सलबरहुकूम नक्कल रुजू असे.’ ही एक ओळ नानाकाकांना कशीबशी लागलेली होती आणि तिच्यावरून त्यांनी कथेचा उत्तरार्ध रचला होता, की टिळक सुटल्यावर पणजोबा पुन्हा नोकरीवर रुजू झाले! रुजू म्हणजे इथे पडताळून पाहिलेलं. मूळ कागदाशी नक्कल ताडून पाहिली, बरोबर आहे. रुजुवात घालणे म्हणतात ते हेच. बँकेत आम्ही रोज संध्याकाळी लेजर ताडत होतो ती रुजुवातच, आणि एखादी मुलगी बदलून आली की तिला म्हणायचो, ‘कधी रुजू झालीस?’ दोन्ही एकच शब्द असेल हे मनातही आलं नव्हतं.

नानाकाकांना मी फोनवर सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘राजीनामा तो राजीनामाच. दिला ना त्यांनी?’ तसबीर पुन्हा जागेवर गेली आहे.

दुसरा बार उडाला तो आत्याच्या इनामदारीचा. १७७२-७३ च्या ज्या कागदात मयाबाई सापडली होती, ती एका जमिनीची सनद. त्यातली भाषा वाचताना अंगावर काटा येतो. ‘जल तरु तृण काष्ठ पाषाण निधिनिक्षेप सहित’ जमीन दिली. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड आणि जमिनीत पुरलेलं धन, सगळं तुमचं. ‘कुलबाब कुलकानू हल्ली पट्टी व पेस्तर पट्टी’, म्हणजे सगळ्या बाबी, सगळे कर, आज बसवलेले आणि पुढे बसवले जातील तेही. ‘खेरीज हक्कदार व इनामदार करून’, म्हणजे आधीच ज्यांचे हक्क त्या जमिनीवर आहेत ते सोडून. आजचा बिल्डर करारात ‘तदंगभूत वस्तूंसह’ असं लिहितो तेव्हा त्याला या ओळीची कधी तरी आठवण येते का, कोण जाणे. दगडांपर्यंत मोजून देणारा दाता आणि पार्किंगही वेगळं विकणारा, असो.

आत्या ही सनद आमचीच समजत होती. लग्नाच्या बैठकीत ‘आमच्याकडे पेशव्यांची सनद आहे’ हे वाक्य तिने किमान तीनदा वापरलेलं मी ऐकलंय. सनद निघाली गावातल्या देवळाच्या पुजाऱ्याच्या नावची. मग आमच्या ट्रंकेत का? उत्तर त्याच कागदाच्या शेवटी होतं. अशा पत्रांत एक ठरलेलं वाक्य येतं: या पत्राची प्रत लिहून घेऊन अस्सल पत्र भोगवटियास परतून देणे. म्हणजे गावच्या कुलकर्ण्याने, गावाचं दप्तर सांभाळणाऱ्याने, नक्कल करून दप्तरी ठेवायची आणि मूळ सनद ज्याची त्याला परत द्यायची. आमच्या पूर्वजांनी हुकमाप्रमाणे नक्कल केली आणि ठेवली. आम्ही इनामदार नव्हतो, आम्ही कुलकर्णी होतो. माहेरचं आडनाव कुलकर्णी असूनही हे कळायला १०,२५० रुपये लागले. काका हसून म्हणाले, ‘कुलकर्ण्याच्या घरात नकलाच सापडायच्या. अस्सल सापडली तर चौकशी करावी लागते.’

त्या वाक्यातला ‘भोगवटियास’ हा शब्द पाहा. भोगवटा म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, वहिवाट. तोच शब्द आज सातबाऱ्यावर भोगवटादार होऊन बसलाय. आमच्या एका गटाच्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असं आहे, आणि माझा भाऊ आजवर समजत होता की वर्ग २ म्हणजे दुय्यम प्रतीची माती! चांगलं ऊस काढतो त्या मातीत. वर्ग २ म्हणजे जमीन तुमच्याकडे कायमची, पण विकायला-द्यायला बंधनं, बऱ्याचदा आधी वरून परवानगी हवी. आमच्याकडे हे कुठून आलं? कुलकर्णी वतनं, म्हणजे त्या कामाचा वंशपरंपरेचा हक्क आणि त्याबद्दलची जमीन, १ मे १९५१ पासून कायद्याने संपली. वतनाची जमीन सरकारजमा झाली आणि कब्जेहक्काची रक्कम भरून आजोबांना परत मिळाली ती ‘नवीन व अविभाज्य शर्तीने’. ती शर्त म्हणजे हा वर्ग २. भावाला हे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘म्हणजे विकता येत नाही?’ काकांना विचारलं. ते म्हणाले, ‘मी शब्दाचा अर्थ सांगतो. सल्ला वकिलाचा.’ हे वाक्य ते तासातून एकदा तरी म्हणतात. सुरुवातीला राग येतो, नंतर बरं वाटतं.

सातबाऱ्यावरचं आणखी एक. थोरल्या चुलत्यांच्या मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ असं लिहिलेलं. अज्ञान पालनकर्ता. कायद्याच्या भाषेत अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचा, ज्याच्या वतीने आईने काम पाहायचं. आई जाऊन पंचवीस वर्षं झाली, शेरा कमी करायचा अर्ज कुणी केलाच नाही. आमचा हा अज्ञान बालक यंदा एकाहत्तरीत पदार्पण करतोय, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालाय आणि गावात सगळ्यांना अक्कल शिकवतो.

फारखतीवरून मात्र घरात कुजबुज झाली होती. १९१७ चा एक कागद, वर ‘फारखत’, आत पणजीचं नाव, ‘कोम’ अमुक. पीडीएफवाल्यांनी मथळा ‘फारकत’ करून टाकला आणि आत्याने तो कागद पुतणीला दाखवायचा नाही अशी मला ताकीदच दिली. पणजीने काडीमोड घेतला की काय! वास्तविक कोम म्हणजे अमक्याची बायको, जसं बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘हणमंता बिन राणोजी’ यातला हणमंता राणोजीशिवायचा नव्हे, राणोजीचा. आणि फारखत म्हणजे देणं फिटल्याचा लेख. नवरा-बायको सुटली की तीही फारकत आणि ऋणको सावकारापासून सुटला की तीही फारखत. लोकांनी घटस्फोटाचीच तेवढी लक्षात ठेवली.

ही फारखत कुठल्या देण्याची, ते काकांनी आणखी एका कागदाशी जोडून दाखवलं. तो १९११ चा. ‘मुदत खरेदी’, मुदत सात वर्षं. दिसायला खरेदीखत: जमीन विकली, पैसे पावले. पण पोटात शर्त, की सात वर्षांत पैसे परत दिले तर जमीन परत, नाही तर खरेदी कायम. म्हणजे विक्रीचा सदरा घातलेलं गहाण. या युक्तीने दख्खनमध्ये किती जमीन सावकारांकडे गेली असेल! १८७५ मध्ये सुप्यापासून सावकारांच्या वह्या आणि खतं जाळणारे दंगे झाले, त्यानंतर १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, तो आधी पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांपुरता. काकांचा हा लाडका विषय, त्यावर ते चाळीस मिनिटं बोलले. मधे दोन चहा झाले. एक फार गोड, दुसरा त्याहून गोड. त्याच ओघात एक गंमत सांगितली ती लिहून ठेवते. पेशवाईत खटला जिंकणाऱ्याने सरकारात भरायची रक्कम तिला हरकी म्हणत, म्हणजे आनंदाची. हरणाऱ्याने भरायची ती गुन्हेगारी. एका घरचे लोक म्हणे आपला पूर्वज गुन्हेगार होता म्हणून तोंड पाडून आले होते. तो बिचारा नुसता विहिरीचा दावा हरला होता.

तर १९११ ची मुदत खरेदी केली पणजोबांनी. १९१४ मध्ये ते वारले. पणजी विधवा, पदरात दोन मुलं. आणि १९१७ ची फारखत पणजीच्या नावची. रुपये ३४० पोचले, खत परत दिले, आता काही दावा राहिला नाही. मुदत संपायला वर्ष राहिलं असताना. हे पैसे तिने कुठून आणले, ते कुठल्याच कागदात नाही.

काका म्हणाले, एकत्रीकरणाचे, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून गट पाडले तेव्हाचे, ९(३), ९(४) चे उतारे काढा, म्हणजे मुदत खरेदीतला जुना सर्व्हे नंबर आज कुठल्या गटात बसला ते कळेल. मी काढले. अभिलेख कक्षात दोन खेपा, एकदा जेवणाची सुट्टी आणि एकदा साहेब मीटिंगला. जो गट निघाला तो भावाने माझ्या हक्कसोडपत्रात पहिल्या क्रमांकावर घातलेला. मी त्याला नुसता पणजीच्या फारखतीचा फोटो पाठवला, सोबत काकांचं टिपण. दोन निळ्या खुणा झाल्या. संध्याकाळी त्याचा फोन आला, पण तो पावसाबद्दल बोलला.

आता उणी बाजू. हे काम कोर्टात थेट चालेल असं समजून जाऊ नका. काका स्वतःच पहिल्या भेटीत ते स्पष्ट करतात. व्हॉट्सॲपवरचे फोटो घेत नाहीत. त्यांना कागद हातात लागतो, उजेडासमोर धरून पाहायला, स्टँप कुठल्या राणीचा की राजाचा ते बघायला. टिपण हाताने लिहिलेलं, अक्षर देखणं, पण टाईप करून हवं असेल तर बाहेरून करा. उशीर ठरलेला. मूळ मुद्द्यावरून गाडी सारखी सुटते, घाईत असाल तर जीव नकोसा होतो. आणि त्यांच्यानंतर कोण, याचं उत्तर नाही. एक मुलगी शिकायला येते म्हणाले, आठवड्यातून एकदा, ‘शब्द विचारते, पळवाट काढत नाही’ एवढं तिचं कौतुक.

स्वतः कोश पाहून काम भागेल का? मी तोही प्रयत्न केला. शासनाचा न्यायव्यवहार कोश घरी आहे, पण तो इंग्रजीकडून मराठीकडे येतो. मला उलट जायचं होतं, आणि तेही आज वापरात नसलेल्या मराठीतून. काकांच्या टेबलावर विल्सनसाहेबाचा १८५५ चा न्याय आणि महसुली शब्दांचा कोश आहे, झेरॉक्स करून बांधलेला. कंपनीच्या गोऱ्या अंमलदारांना आपले शब्द कळावेत म्हणून केलेला. तो चाळून चाळून कडा मऊ झाल्यात. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यानंतरही कचेरीतली फारसी कशी चिवट राहिली, हे त्यांच्याकडून ऐकण्यासारखं आहे. तेवढा वेळ काढून जा.

पाचपैकी साडेचार. अर्धा उशिराचा कापला. ऑनलाइनवाल्यांना दोन, कारण अक्षरं बरोबर होती.

जायचं असेल तर कागद घड्या न घालता न्या, प्लास्टिकमध्ये नको, जुन्या धोतराच्या फडक्यात उत्तम. चिकटपट्टी कुणी लावली असेल तर ओढून काढू नका, तशीच न्या. वंशावळ आधी लिहून ठेवा, निदान पणजोबांपर्यंत, ते पहिलं तेच मागतात. फोन सकाळी नऊ ते अकरा. दुपारी एक ते चार झोपतात. आणि चहात साखर कमी हवी असेल तर काकूंना आत जाऊन सांगा. काकांना सांगून उपयोग होत नाही, मी तीनदा सांगून पाहिलं.